पहाणीवरची झाडं: बेळगाव सीमाभागात वृक्षलागवडीचं अनुदान कसं मिळवायचं

दरवर्षी मे महिन्यात मला दोन-चार फोन तरी येतात. मोबाइलवर एक मराठी मजकूर फिरत आलेला असतो: ‘शेताच्या बांधावर झाडे लावा, अनुदान मिळवा, सातबारा व आठ-अ घेऊन कृषी सहायकांना भेटा.’ फोन करणारा खानापूरचा, निपाणीचा नाहीतर चिकोडीकडचा. विचारतो, “काका, सातबारा कुठं मिळतो हो आपल्याकडं?”

आपल्याकडं तो मिळत नाही. आपल्याकडं पहाणी मिळते, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा. आणि तो मजकूर महाराष्ट्राच्या योजनेचा असतो. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना असो की तिकडची बांबूची योजना, ती महाराष्ट्रातल्या जमिनीसाठी आहे. तुम्ही घरात कुठली भाषा बोलता याच्याशी अनुदानाचा संबंध नाही, जमीन कुठल्या राज्यात आहे तेवढंच बघतात. ज्यांची थोडी जमीन चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यात आणि थोडी इकडं आहे (असे पुष्कळ आहेत), त्यांनी तिकडच्या तुकड्यासाठी तिकडं आणि इकडच्या तुकड्यासाठी इकडं अर्ज करायचा. दोन्हीकडचे कागद एका फाइलीत घालून नेऊ नका. टेबलावरचा माणूस गोंधळतो आणि मग आपल्यालाही गोंधळवतो.

मराठीत इकडच्या योजनांची माहिती फारशी मिळत नाही, कन्नडमध्ये भरपूर आहे. म्हणून खानापूर तालुक्यातल्या माझ्या दोन एकर माळावर जे केलं, जिथं फसलो आणि जिथं जमलं, ते क्रमानं लिहितो.

पैसा लावलेल्या झाडाला मिळत नाही, जगलेल्या झाडाला मिळतो

इकडची मुख्य योजना म्हणजे कर्नाटक वनखात्याची ‘कृषी अरण्य प्रोत्साह योजने’. २०११-१२ पासून चालू आहे. वनखात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोपं घ्यायची, आपल्याच शेतात लावायची, आणि तीन वर्षं दरवर्षी जेवढी जगलेली दिसतील तेवढ्यांवर खातं पैसे देतं. सुरुवातीला तीन वर्षांचे मिळून झाडामागे ४५ रुपये होते, नंतर १०० झाले आणि पुढं १२५. १२५ ची विभागणी अशी: पहिल्या वर्षाअखेर ३५, दुसऱ्या वर्षाअखेर ४० आणि तिसऱ्या वर्षाअखेर ५०. दर शासनाच्या हुकमानं बदलतात, तेव्हा नोंदणी कराल त्या वर्षीचा दर वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारून रोपांच्या पावतीमागे लिहून ठेवा.

हेक्टरी जास्तीत जास्त ४०० झाडं धरतात, म्हणजे एकरी १६०. पाच मीटर बाय पाच मीटरवर लावलं की बरोबर एवढीच बसतात.

आता हिशेब मांडू. एकरात १६० लावली. पहिल्या मोजणीत १५० जगली तर ५,२५० रुपये. दुसऱ्या वर्षी १४० राहिली तर ५,६००, तिसऱ्या वर्षी १३६ तर ६,८००. एकूण १७,६५०. याउलट लावून सोडून दिली आणि पहिल्या वर्षी ११०, मग ८५, मग ८० उरली, तर सगळे मिळून ११,२५०. पहिले ३५ मिळालेलं झाड दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलं तर त्या एका झाडामागे पुढचे ९० रुपये गेले. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, की अर्ज भरायच्या आधी दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पाणी कुठून आणणार आहात ते ठरवा. विहीर नाही, बोअर नाही, टँकर परवडत नाही, तर १६० ऐवजी ६० लावा. साठांतली पंचावन्न जगवणं हे एकशेसाठांतली साठ जगवण्यापेक्षा सोपं आहे, खड्ड्यांची मजुरीही वाचते.

या पैशानं कुणी श्रीमंत होत नाही. खड्डे, शेणखत, कुंपण आणि दोन उन्हाळ्यांचं पाणी यातला बराचसा खर्च निघतो, इतकंच. खरा पैसा पुढं लाकडात, चिंचेत, हिरड्यात आहे.

कागद: मार्चमध्ये सुरुवात करा

रोपं जूनमध्ये लागतात म्हणून लोक जूनमध्ये कागद शोधायला लागतात. तोपर्यंत चांगली रोपं संपलेली असतात आणि उरलेली कोपऱ्यातली, पिशवीतून मुळं बाहेर आलेली आपल्या वाट्याला येतात.

सगळ्यात आधी चालू वर्षाची पहाणी काढा. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत), ‘ग्राम वन’ केंद्रात (हा ‘वन’ इंग्रजी One, जंगल नव्हे) किंवा ‘भूमी’ या जमिनीच्या नोंदींच्या वेबसाइटवरून मिळते. ती हातात आली की तीन ठिकाणी बघा. नवव्या रकान्यात नाव कुणाचं आहे, अकराव्या रकान्यात बोजा किंवा कोर्टाची नोंद आहे का, आणि बाराव्यात पीक काय लागलंय.

निम्मे अर्ज नवव्या रकान्यातच अडकतात. आजोबा वारले, वडील वारले, शेत आपण कसतो, पण पहाणी अजून आजोबांच्या नावावर. त्यासाठी पवती खातं करून घ्यावं लागतं, म्हणजे वारसाची नोंद. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि सगळ्या वारसांची आधार कार्डं लागतात. बहिणींची नावं वगळून वंशावळ करून द्या म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पुढं झाड तोडायच्या वेळी ती बहीणच तक्रार करेल, आणि तिचं बरोबर असेल. पवती खात्याला दोन-तीन महिने धरून चाला, म्हणूनच मार्च म्हणतोय.

भावाभावांत तोंडी वाटणी झालेली आहे पण पहाणी एकत्र आहे, हा दुसरा नेहमीचा प्रकार. हिश्शाची फोडी करून घेतली तर उत्तम. होत नसेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतिपत्र घ्या. आमच्यात ते चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत झालं. सही करताना धाकट्यानं फक्त एवढंच विचारलं, “झाडं कुणाची मग?” तेही त्याच कागदावर लिहून घेतलं. तुम्हीही घ्या.

जमीन सरकारकडून मंजूर होऊन मिळालेली असेल तर मंजुरीचा मूळ हुकूम शोधा. काही हुकमांत झाडांच्या हक्काबद्दल अटी असतात. आणि खानापूर भागात जंगलाला लागून शेत असेल तर हद्द नक्की झाल्याशिवाय त्या बाजूला एक रोपही लावू नका. आपण लावलेलं सागवान उद्या जंगलातलं ठरलं तर हसावं की रडावं कळणार नाही.

पहाणीसोबत आधार, आधारला जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो ठेवा. रयत संपर्क केंद्रात ज्याला एफआयडी म्हणतात तो शेतकरी नोंदणी क्रमांक नसेल तर तोही आत्ताच काढून ठेवा, कृषी आणि तोटगारिका (फळबाग) खात्यांत त्याशिवाय पान हलत नाही. पासबुकावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पहाणीवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपली नावं कन्नडमध्ये लिहिताना आणि परत इंग्रजीत आणताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. माझ्या बाबतीत पहाणीवर आडनाव एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरंच. पहिल्या वर्षाचे पैसे त्यापायी अडकले आणि पाच महिन्यांनी आले.

कन्नड फॉर्म

फॉर्म कन्नडमध्ये असतो. कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही असे आपल्यात बरेच. घाबरायचं कारण नाही, मोजके शब्द ओळखले की झालं. ‘अर्जी’ आणि ‘नोंदणी’ हे तर आपलेच शब्द. ‘ससि’ म्हणजे रोप, ‘मर’ म्हणजे झाड. ‘बदुकुळिद ससि’ म्हणजे जगलेली रोपं, पैसे याच रकान्यावर ठरतात. ‘प्रोत्साह धन’ म्हणजे अनुदान. ‘वलय अरण्याधिकारी’ म्हणजे आपण ज्यांना रेंजर म्हणतो ते, आणि अर्ज त्यांच्याच कचेरीत द्यायचा. शाळेत जाणारी पोरं कन्नड छान वाचतात, त्यांच्याकडून वाचून घ्या. पण सही करण्याआधी सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि रोपांचा आकडा हे तीन स्वतः तपासा.

अर्जाची एक प्रत तारखेच्या शिक्क्यासह परत घ्या. “नाळे बन्नी” म्हणजे ‘उद्या या’ हे ऐकावं लागतं, ते कुणालाच चुकलेलं नाही, कन्नड शेतकऱ्यालाही नाही. शिक्का मारलेली प्रत हातात असली की उद्या या म्हणणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो.

आपलं गाव कुठल्या रेंजमध्ये येतं ते आधी विचारा. खानापूर तालुक्यातच खानापूर, लोंढा, नागरगाळी, कणकुंबी अशा वेगवेगळ्या रेंज आहेत. शेजारच्या गावाची रेंज आपलीच असेल असं धरून चालू नका.

कोणतं झाड

इथं एक गंमत आहे. लवकर वाढणारी आणि सहज विकली जाणारी झाडं, म्हणजे निलगिरी, अकेशिया, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, गिरिपुष्प, यांना या योजनेत प्रोत्साह धन नाही. नारळ, सुपारी, लिंबूवर्गातली झाडं आणि कलमी आंबा यांनाही नाही. मिळतं ते सागवान, शिसव, बिबला, श्रीगंध (चंदन), कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, फणस, आवळा, हेब्बेवु अशांना. रोपवाटिकेत नावं कन्नडमध्ये असतात. सागवान म्हणजे तेग, बिबला म्हणजे होन्ने, करंज म्हणजे होंगे, जांभूळ म्हणजे नेरळे, चिंच म्हणजे हुणसे, फणस म्हणजे हलसु, आवळा म्हणजे नेल्ली, ऐन म्हणजे मत्ती. हेब्बेवु म्हणजे मलबार नीम, प्लायवूडवाले घेतात ते.

आपला जिल्हा एक नाही, दोन-तीन आहेत असं समजून झाड निवडा. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो, अथणीत पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. पश्चिमेच्या तांबड्या मातीत सागवान, फणस, जांभूळ, हिरडा चांगले येतात, फक्त पाणी साचणाऱ्या खोलगटात सागवान लावू नका, मुळं कुजतात. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या जमिनीत चिंच, कडुनिंब, करंज यांचा भरवसा जास्त. हेब्बेवु जोरात वाढतो खरा, पण पाणी पितो. ‘सहा वर्षांत लाखो’ म्हणणाऱ्यांनी तो ठिबकवर वाढवलेला असतो, हे ते सांगत नाहीत.

श्रीगंधाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. पूर्वी आपल्या शेतातला चंदनही सरकारचाच असायचा. २००१ मध्ये कर्नाटक वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जमीनधारक त्याचा मालक झाला. तेव्हा लावायला हरकत नाही. पण चंदन एकट्यानं जगत नाही, त्याची मुळं दुसऱ्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढतात. पहिल्या वर्षी जवळ तूर लावा, आणि कायमच्या सोबतीला करंज किंवा शिरीष. आत विकण्याजोगा गाभा धरायला पंधरा वर्षं तरी जातात, आणि गाभा धरला की चोर येतात. घर शेतातच नसेल तर मी तरी नको म्हणेन.

एका एजंटाकडून मी चंदनाची रोपं घेतली होती. ‘बारा वर्षांनी आम्हीच विकत घेऊ’ असा छापील करारही दिला. रोपं वनखात्याच्या कितीतरी पट महाग, वर योजनेत धरली गेली नाहीत, कारण खात्याच्या रोपवाटिकेची पावती नव्हती. एजंटाचा फोन दुसऱ्या वर्षापासून लागत नाही. करार अजून कपाटात आहे.

खड्डा, पिशवी, बांध

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढा, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. महिनाभर ऊन खाऊ द्या, म्हणजे माती तापते आणि हुमणी मरते. पहिला वळीव पडला की वरची माती, एक पाटी कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड घालून भरा. तांबड्या मातीत वाळवी भारी, पेंड चुकवू नका.

रोपं आणताना बारीक मानेची उंच रोपं टाळा. कमरेएवढं उंच आणि पेन्सिलीएवढं बारीक रोप दिसायला छान, पण पहिल्या वाऱ्यात आडवं होतं. वीतभर-दोन वीत उंचीचं, खोडानं जाड घ्या. पावतीवर जातवार संख्या लिहून घ्या.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मजुरांनी दीडशे रोपं एका दिवसात लावली, मी खूश झालो. फेब्रुवारीत रोपं पिवळी पडायला लागली. एक उपटून बघितलं तर प्लास्टिकची पिशवी तशीच आत! नुसती बुडाला चीर देऊन पुरली होती, आणि मुळं आतल्या आत गोल फिरून वेटोळं झाली होती. पन्नासावर रोपं गेली. आता मी मजुरीचा हिशेब रिकाम्या पिशव्या मोजून करतो. जेवढ्या पिशव्या परत, तेवढी रोपं लागली.

लागवड पाऊस बसल्यावर करा. खानापुरात जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पूर्वेकडं जुलैतसुद्धा चालतं. ऑगस्टात एक फेरी मारून मेलेल्या जागी नांग्या भरून घ्या, पाऊस असेतोवर.

बांधावर लावणार असाल तर सावलीचा विचार करा. आपल्याकडं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या बांधावर चिंच लावली की ती सावली शेजाऱ्याच्या उसावर, आणि भांडण तुमच्या दारात. शेजाऱ्याशी आधी बोला, आणि बांधापासून दोन-तीन मीटर आत या.

सुगी झाली की गुरं मोकळी सुटतात. जनावरांपासून राखलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. मी करवंदीच्या आणि बोरीच्या काट्याचं कुंपण केलं, दुसऱ्या बाजूला निर्गुडी लावली. तारेचं कुंपण चांगलं, पण त्याचा खर्च या अनुदानात बसत नाही. जंगलालगत गवा येतो, त्याला काटा काय करणार! तिथं फणस-आंब्याऐवजी सागवानच बरं.

जानेवारीत शेताभोवती आठ-दहा फूट रुंद पट्टा गवत काढून साफ करा. शेजारी गवत पेटवतात, माळावरून आग येते, आणि तीन वर्षांची मेहनत एका दुपारी संपते.

पाण्यासाठी रोपाशेजारी भोक पाडलेलं मडकं पुरून त्यात वात घातली की आठवड्याला एक भरणी पुरते. भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट आच्छादनाला घाला, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी तिथूनच चढते.

मोजणीचा दिवस

वर्ष झालं की मोजणीला गार्ड किंवा फॉरेस्टर येतात. कळवलं नाही तर आपणच जाऊन तारीख मागा. त्या दिवशी घरचं कुणीतरी शेतात पाहिजेच.

माझ्याकडं पहिली मोजणी मार्चात झाली. सागवान मार्चात पानं टाकतं. गार्ड पोरगा नवीन, धारवाडकडचा. एका काटकीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, इदु ओणगिदे.” वाळलंय म्हणे. वहीत फुली मारणार तेवढ्यात मी खाली बसलो आणि नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवीगार. पुढच्या झाडाला त्यानंच नख लावलं. मग आम्ही दोघं ओळीनं बसत-उठत एकेक झाड खरवडत गेलो, दीड तास लागला. त्यानं आधी वाळलेली म्हणून धरलेली अठ्ठावीस झाडं जिवंत निघाली.

तेव्हापासून मी मोजणीच्या आधी दोन कामं करतो. प्रत्येक जिवंत रोपाशेजारी चुन्यात बुडवलेली काठी रोवतो, आणि ओळींना नंबर देतो: पहिल्या ओळीत चौदा, दुसरीत सोळा. आकड्यावर वाद झाला तर सगळं शेत परत फिरावं लागत नाही. मोजणीच्या कागदावर सही करायच्या आधी ‘बदुकुळिद’च्या रकान्यातला आकडा बघा आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढा.

पैसे थेट खात्यावर येतात, पण लगेच नाही. अनुदानाचा निधी आला की येतात. वर्षभर वाट बघावी लागली तरी नोंद वहीत असेल तर बुडत नाहीत.

आणखी दारं

रोजगार हमी, म्हणजे आपली उद्योग खात्री, तिच्यातून वैयक्तिक शेतात झाडं लावायची मजुरी मिळवता येते. जॉब कार्ड लागतं. अनुसूचित जाती-जमातीची, दारिद्र्यरेषेखालची, महिला किंवा अपंग कुटुंबप्रमुख असलेली घरं आधी, मग अल्प आणि अत्यल्प भूधारक. आपल्या शेतात आपणच मजुरी करून पैसे घ्यायचे, त्यात लाज कसली. पंचायतीच्या क्रियायोजनेत, म्हणजे वर्षाच्या कामांच्या आराखड्यात, आपल्या शेताचं नाव आलं पाहिजे, आणि ती योजना आदल्या वर्षी ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत ठरते. जूनमध्ये पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटलात तर ते पुढच्या वर्षाचं बोलतील. यंदाचे नियम काय ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. एकाच झाडावर दोन खात्यांकडून पैसे मागू नका, पडताळणीत सापडतं.

बांबूला राष्ट्रीय बांबू मिशनच्या नियमात लागवड खर्चाच्या निम्मं, तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं अनुदान ठेवलेलं होतं. अर्जाची चौकशी रेंज ऑफिसातच करा. जातीत मारिहाळ बिदिरु मागा. कोकणात त्याला माणगा म्हणतात, काटे नाहीत, आतून भरीव, चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठ्या निघतात. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरच्या बांबूला कायद्यात ‘झाड’ धरत नाहीत, म्हणून तोडीची कटकट कमी.

काजू, कलमी आंबा हवा असेल तर वनखात्यात नाही, तोटगारिका खात्यात जा.

तोडीची परवानगी

झाड आपलं, जमीन आपली, तरी कुऱ्हाड उचलायच्या आधी परवानगी. १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा. निलगिरी, सिल्व्हर ओक, सुरू, सुबाभूळ, गिरिपुष्प, नारळ, रबर असे काही सोडले तर बाकीच्यांना वृक्ष अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे ज्या झाडाला अनुदान नाही ते मोटामोटी मोकळं तोडता येतं, आणि ज्याला अनुदान मिळतं त्याला मंजुरी. लावतानाच हे डोक्यात असू द्या.

मंजुरीच्या वेळी झाड कुणाचं आणि कधी लावलं हा प्रश्न येतो. म्हणून लागवड झाली की तलाठ्यांना सांगून आणि दरवर्षीच्या पीक समीक्षेत (पिकांच्या सर्व्हेत) झाडांची नोंद पहाणीवर घालून घ्या. रोपांच्या पावत्या, मोजणीचे फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वीस वर्षांनी हे कागद पोरांच्या हाती लागायचे आहेत.

तोडल्यावर लाकूड हलवायला वाहतुकीचा पास लागतो, टीपी म्हणतात तो. निपाणी, चिकोडीकडचे लोक कोल्हापूरच्या आणि खानापूरकडचे बऱ्याचदा गोव्याच्या व्यापाऱ्याला माल देतात. राज्याची हद्द ओलांडायची तर पास पाहिजेच, आणि तो इकडच्या वनखात्याचा पाहिजे. डिसेंबर २०२३ पासून देशभर चालणारी ऑनलाइन पासची व्यवस्था आली आहे. व्यापारी म्हणतो, “कागदाचं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका.” ट्रक नाक्यावर अडला की तो फोन उचलत नाही, आणि पंचनाम्यावर नाव पहाणीवरच्या माणसाचं येतं. पास आपल्या हातात आल्याशिवाय ट्रकवर ओंडका चढवू देऊ नका, आणि पासवरचा ओंडक्यांचा आकडा, ट्रकचा नंबर आणि मुदतीची तारीख ट्रक हलायच्या आधी स्वतः वाचा.